अण्णांच्या गाडीचं ढिलं स्टिअरिंग

आमच्या अण्णांची ती जुनी विलायती स्पोर्ट्स कार तुम्ही बघितलीय की, जमिनीला टेकलेली, दोन सीटची. तिचं स्टिअरिंग सारखं ढिलं व्हायचं. वर्षात तिसऱ्यांदा स्टिअरिंगच्या दांड्याला, म्हणजे कॉलमला, घट्ट धरणारा बुश गेला, तेव्हा होटगी रोडचा मिस्त्री म्हणाला, "अण्णा, तुमी जरा गाडीतून उतरून दाखवा की."

अण्णांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून अंग वर ओढलं. अख्खा कॉलम हलला.

"बुश नवा टाकतो," मिस्त्री हळूच मला म्हणाला, "पण दुखणं गाडीचं न्हाय, गुडघ्यांचं हाय."

अण्णांनी ते ऐकलं. बुश बसल्यावर स्वतःच गाडी चालवत घरी आले. दारात गाडी थांबल्यावर मी त्यांच्या बाजूला जाऊन हात पुढं केला.

"गाडी विकायचं नाव काढायचं न्हाय," म्हणाले, आणि मगच हात धरला.