तिसऱ्या सुईआधीच तीन गाठी

—तर मावशी, पहिल्यांदा खटकली ती गाठ. एवढीशी. परवा पलीकडे चिचटोल्यात कौशल्याचं बाळ बघायला गेले — आठ दिवसांचं बाळ, अजून बारसंही नाही, डोळे मिटून नुसते ओठ हलवत होतं — आणि दुपटं बाजूला करून बघते तर कमरेला लाल करदोडा, नि त्याला तीन गाठी! एक, दोन, तीन. परत मोजल्या. तीनच. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, लेकराच्या कमरेला दोरा असायचाच — पण हा दोरा आमचा ना! लशीचा! एक सुई टोचली की एक गाठ, अशी खूण. आणि आठ दिवसांच्या बाळाला आम्ही सुई टोचतच नाही, तीन महिन्यांचं झाल्यावर टोचतो — मग गाठी आल्या कुठून? थांबा हं, एकदा हाक मारून बघते. जागेश्वरभाऊऽऽ! ओ डोंगावालेऽऽ! — नाही. डोंगा तर तो दिसतोय, नदीच्या पलीकडच्या काठाला बांधलेला, माणूस तेवढा नाही. तुम्ही बसा, टोपली खाली ठेवा. तोंडात तंबाखू आहे ना? मग बोलू नका, मान हलवली तरी मला पुरतं. मी गप्प बसले की मलाच भीती वाटते — अगं आई! काय होतं ते? मासा? मासाच ना? बरं.

ही पेटी ना? हिला हात नका — म्हणजे लावा, पण झाकण नका उघडू. आत बर्फ आहे आणि बर्फात लस. सुलोचनाबाई, आमच्या नर्स, सकाळीच पलीकडे गेल्या, शाळेत टेबल मांडून बसल्या असतील, आणि मी अड्याळहून ही पेटी घेऊन एसटीनं मागून आले. बर्फ दुपारपर्यंत टिकतो. पुढे लस फेकायची. सत्तेचाळीस लेकरांची लस आहे हो! घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात — तिन्हींची मिळून एकच लस, पण सुया तीन, मधे महिनाभर तरी सोडून. पोळ्यानंतर पहिली झाली, दसऱ्यानंतर दुसरी, आज तिसरी. आता कोणाच्या किती झाल्या हे लक्षात कसं ठेवायचं? गेल्या साली कार्डं दिली होती. एकीनं चूल पेटवली, एकीचं गाईनं खाल्लं, आणि एका आजोबांनी तर देवाच्या फोटोमागं खोचून ठेवलं — ते काढायचं नाही म्हणे, पाप लागते! मग बैठक झाली. आरोग्य केंद्राचे डॉक्टर, विणकर सोसायटीचे वासुदेवराव आणि आमचं महिला मंडळ, असं तिघांनी मिळून हे काम घेतलंय. केंद्राची लस, मंडळाची माणसं — माणसं म्हणजे मी एकटीच — आणि सोसायटी काय देणार? वासुदेवराव म्हणाले, ‘आपल्यापाशी सूत आहे बाप्पा, आनखी काय आहे?’ आणि मी, जी कॉलेजात हजेरीला ‘येस सर’ म्हणतानासुद्धा घाबरायची, ती मी पटकन बोलून गेले — सूतच द्या. लाल. दर सुईला करदोड्यावर एक गाठ. लेकराची कंबर हेच रजिस्टर! डॉक्टरांनी टेबलावर अशी थाप मारली की माझ्या हातची बशी खाली. फुटली. पण सगळे हसले, आणि ठरलं.

तर त्या बाळाची आजी, गोदावरीबाई — नुसती वाघीण आहे बाई — तिला मी विचारलं, आजी, या गाठी कोणी मारल्या? ‘मीच मारल्या. काहून?’ पण आजी, याला सुई कुठे टोचली? तर म्हणते, ‘सुई लेकराले दुखते. गाठ कुठी दुखते? तुह्या गाठीनं साऱ्या टोलीतल्या लेकरायचा खोकला पळाला, मंग माह्या नातवाले काहून नाही? अन् तीन झाल्या म्हणजे पुरे, हे तूच सांगितलं ना वं?’ मीच सांगितलं होतं! अगदी हेच शब्द! बाहेर येते तर गोठ्यात वगारीच्या गळ्यात लाल दोरा. तीन गाठी. मी तिच्याकडे बघतेय नि ती माझ्याकडे. मग काय, घराघरातून फिरले. ज्याला त्याला तीन. अहो, तिसरी सुई व्हायचीच आहे अजून, तीन असतील कशा? निर्मलाबाईच्या पोराला पाच — ‘असू द्या म्हटलं बाई दोन जादा, माहा पोरगा तसाही अशक्त आहे.’ तुम्ही हसताय. हसा. मीपण हसले असते हो, पण आता सांगा, कोणाला दोन सुया झाल्यात, कोणाला एक, आणि कोणाला एकही नाही, कसं ओळखायचं? वर, ज्या आईला वाटतं गाठी झाल्या म्हणजे झालं, ती आज लेकरू आणणारच नाही. आणि घटसर्प काही गाठी मोजून येत नाही, मावशी. गेल्या साली वरच्या टोलीत एक पोर गेली त्यानं. त्या घरी मी जाऊन आलेय. — जाऊ द्या. ते नको आता.

रजिस्टर? भुवया वर केल्यात म्हणजे तेच विचारायचंय ना? होतं. सुलोचनाबाई नावं लिहीत होत्या, बिचाऱ्या चष्मा पुसून पुसून. मीच म्हटलं, कशाला डोळे फोडता, गाठ आहे ना! त्यांनी वही मिटली ती मिटलीच. हे मी अजून डॉक्टरांना सांगितलेलं नाही. कोणालाच नाही. तुम्हाला पहिल्यांदा — कारण तुम्ही कुठल्या कुठे जाणाऱ्या... तुम्ही जाताय कुठे, मावशी? — चिचटोल्यालाच? बांगड्या भरायला? अगं बाई गं! घराघरात एकेकीचा हात हातात घेऊन बसणार तुम्ही, आणि मी इकडे सगळं ओतून मोकळी! नाही, मान हलवताय ती ‘सांगणार नाही’ म्हणून का ‘सांगणारच’ म्हणून? हसू नका ना. बरं, एवढं सांगितलंच आहे तर राहिलेलंही ऐका, मला ते पोटात ठेवून ठेवून अन्न गोड लागत नाही.

ती परवाची गाठ पहिली नव्हतीच. खटकलं होतं त्याआधी. दसऱ्यानंतरच्या फेरीत एक पोरगं आलं, बापाच्या कडेवर, बत्तासा चोखत — त्याच्या कमरेला सुईआधीच दोन गाठी. तोवर एकच सुई झालेली, मग दोन कशा? मला दिसलं. चांगलं दिसलं. पण बाजूला डॉक्टर उभे, भंडाऱ्याहून आलेल्या पाहुण्यांना दाखवत होते — ही आमच्या मॅडमची कल्पना, आता वीस गावांत नेणार म्हणून — आणि मॅडम म्हणजे मी, कानापर्यंत लाल झालेली. मी मनाशी म्हटलं, माझंच मोजायला चुकलं असेल. आणि त्या दोनवर तिसरी मारली. माझ्या हातानं. तेव्हाच विचारलं असतं तर एका घरात मिटलं असतं, मावशी! पण मला ते कौतुक — काय सांगू — जन्मात पहिल्यांदा कोणी मला भित्री म्हणत नव्हतं.

जागेश्वरभाऊऽऽ! — नाही. बर्फ वाजतोय का बघा पेटीत. वाजतोय? मग आहे अजून.

काल संध्याकाळी मग सांगून टाकलं. शाळेपुढं सगळ्या जमल्या, खळ्यावर धान चुरून दमलेल्या, अंगावर तूस. मी टेबल धरून बोलले. म्हटलं, चूक माझी आहे, तुमची नाही. सुईशिवाय गाठीत काही नाही. ज्यांनी घरी गाठी मारल्या त्यांनी तेवढ्या सोडा, सुईच्या ठेवा — कुठली कोणती ते तुमच्याशिवाय कोणाला ठाऊक? — आणि उद्या लेकरं घेऊन या. कोणी रागावणार नाही. मग गोदावरीबाई उठली. पदर खोचला. म्हणाली, ‘लेकराच्या कमरेची गाठ सोडत नसतेत बाई. बांधणारी मरून गेली तरी सोडत नसतेत. तुले लेकरू नाही, तुले काय ठाऊक?’ आणि निघाली. तिच्यामागं सगळ्या. एकही थांबली नाही. सुलोचनाबाई म्हणाल्या, पोरी, तू खरं बोललीस, जेव आता. कुठलं जेवण! बरोबरच होतं ना तिचं? तिनं नातवासाठी जीव लावून बांधलेलं आणि मी म्हणते सोड. आईनं माझ्या दंडाला बांधलेला ताईत अजून आहे, हा बघा, बी.ए. झाल्यावरसुद्धा! मला कोणी सोड म्हटलं असतं तर?

म्हणून तर तो काठ असा गप्प आहे, बघा. नाहीतर एरवी पोरं धावत येतात पेटी धरायला. आज शाळेत सुलोचनाबाई एकट्या, रिकाम्या टेबलाशी. पण मी ठरवलंय, मावशी. कोणी आलं नाही तरी मी पेटी घेऊन दारोदार जाणार, पहिलं दार गोदावरीबाईचं. ओरडली तर ओरडू दे. मी दचकेन, पण तिच्या दारातून उठणार नाही. खरंच नाही. — असं काय बघता? जमेल मला.

अजून एकदा ओरडते, तुम्हीपण ओरडा ना — असू द्या, तंबाखू सांडेल. ओऽऽ जागेश्वरभाऊऽऽ! कोणी आहे काऽऽ? लस आणलीयऽऽ!

शू. मावशी, टोपली हलवू नका जरा. — ऐकलंत? बाईमाणसाचा आवाज आहे. तो बघा, बाभळीपाशी, कोणीतरी पाण्याच्या अगदी काठावर — गोदावरीबाई! तीच! हात करून राहिली! काय म्हणते? वारा — थांबा — ‘घरच्या साऱ्या सोडल्याऽऽ!’ — सोडल्या? मावशी, सोडल्या म्हणते! — ‘वरच्या टोलीतली ते पोर आठवली रातीऽऽ! माह्या हातानं सोडल्याऽऽ! जागेश्वर बी पोरीची सोडत बसला होताऽऽ, आता येऊन राहिला डोंगा घेऊनऽऽ! शाळा भरली लेकरायनं, तू कुठी मेली वंऽऽ?’

आली वो आजीऽऽ! आली, आली! — धरा मावशी, पेटीची ती कडी धरा तुम्ही —