रविवारचं टेबल

पोलीस ठाणे मिंडाबी, न्यू साउथ वेल्स
गुरुवार, दि. १४ ऑगस्ट २०२५, दुपारी ३ वाजून २० मिनिटे

मी, लेस्टर ग्रॅहम टिंडल, वय ६४ वर्षे, धंदा कायरोप्रॅक्टर, म्हणजे मणक्यांवर हाताने उपचार करणे, राहणार ९, वॉटल स्ट्रीट, मिंडाबी, समक्ष ठाण्यात हजर राहून, कोणाचाही दबाव नसताना सांगतो की, मी वरील पत्त्यावर पत्नी नोएलीन, वय ६१, हिच्यासह राहतो. घराच्या पुढच्या खोलीत माझा दवाखाना आहे. चौतीस वर्षे मी या गावाच्या माना, पाठी आणि कंबरा सरळ करत आलो आहे. हा जबाब लिहून घेणारे सीनियर कॉन्स्टेबल रोवन पिकेट यांची मानही त्यात आली. ते एरवी मला लेस म्हणतात. आज मिस्टर टिंडल म्हणत आहेत, याचीही नोंद व्हावी.

नोएलीनची कंबर डावीकडे, खालून दुसऱ्या मणक्यापाशी, १९९८ सालापासून दुखते. तेव्हापासून दर रविवारी जेवणाची भांडी आवरली की ती पुढच्या खोलीतल्या टेबलावर पालथी झोपते आणि मी तिच्यावर उपचार करतो. वीस मिनिटं लागतात. मणका कट्ट वाजला की ती श्वास सोडते. सत्तावीस वर्षांत आमचे फार तर तीन रविवार चुकले असतील. तिच्या कंबरेचे एकोणीस एक्स-रे माझ्याकडे आहेत. लग्नाचे फोटो सात आहेत. त्या पाठीची माझ्याइतकी माहिती दुसऱ्या कोणाला असण्याचं काही कारण नाही.

कॉन्स्टेबल पिकेट यांनी मुद्द्यावर यायला सांगितलं. मी मुद्द्यावरच आहे.

गेल्या नोव्हेंबरात टेगन व्हेलन, वय अंदाजे ३२, या बाईने मेन स्ट्रीटला बेकरीच्या मागच्या जागेत दवाखाना काढला. तीही कायरोप्रॅक्टरच. तिच्या पाटीवर ‘पुराव्यावर आधारित उपचार’ असं लिहिलं आहे. म्हणजे चौतीस वर्षे माझं सगळं ऐकीव माहितीवर चाललं होतं, असं गावाने समजायचं. तिच्याकडे पहिल्या दिवशी पाऊण तास नुसते प्रश्न असतात. कुठे दुखतं, झोप लागते का, काम काय करता, भीती कशाची वाटते. मग गुडघ्यावर छोटी हातोडी, पायाला टाचणी, झोपवून पाय वर उचलून बघणे. एक्स-रे विसातल्या एखाद्याला सांगते. थोडं हाताने करते, बाकी व्यायाम कागदावर लिहून देते, आणि चार-पाच वेळा झाल्या की “आता यायची गरज नाही” म्हणते. माझ्याकडे लोक बारा-बारा वर्षे येत होते. त्यांना मी कधी असं घालवून दिलं नाही.

मेंढ्यांची लोकर कातरणारा डॅरिल कुबिट मे महिन्यात सोमवारी माझ्याकडे येऊन गेला. कंबर धरली होती, मी ती केली. बुधवारी तो त्या बाईकडे गेला. तिने त्याला लघवी नीट होते का, आणि बसायच्या जागेला बधिरपणा आहे का, एवढं विचारलं, हात लावला नाही आणि स्वतःच्या गाडीतून त्याला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. मणक्यातल्या नसा दाबल्या गेल्या होत्या, त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. एक दिवस उशीर झाला असता तर तो कायमचा गेला असता कामातून. आता मी बोलिंग क्लबात शिरलो की बोलणारे गप्प होतात. डॅरिलला मी लघवीचं विचारलं नव्हतं. कंबरेसाठी आलेल्या माणसाला ते कशाला विचारायचं, असं मला तेव्हा वाटलं.

टेगन व्हेलन हिचा तुम्हाला मत्सर वाटतो का, असं मला विचारण्यात आलं. वाटतो. डॅरिल तिच्याकडे गेला तेव्हा वाटला, क्लबात वाटला, तिच्या दारात सकाळी आठला माझ्याच माणसांच्या गाड्या बघून वाटला. पण तो पोटात ठेवून मी रात्री नीट झोपत होतो. पुढचं वेगळं आहे.

जूनच्या दुसऱ्या रविवारी नोएलीन टेबलावर असताना डावीकडच्या नेहमीच्या जागी माझ्या अंगठ्याला गाठ लागली नाही. पुन्हा चाचपून पाहिलं. तिथे सगळं मऊ होतं. मी विचारलं, “कसं आहे?” ती म्हणाली, “दुखतंय अजून. तिथेच.” मी जोरात दाबलं. तिचं अंग आकसलं नाही. पुढच्या रविवारी तेच. माझे हात एक सांगत होते आणि ती दुसरंच सांगत होती.

त्यानंतरच्या शनिवारी ती मागच्या अंगणात कोंबड्यांच्या दाण्याचं भरलेलं पोतं उचलताना मला दिसली, तीही पाठ वाकवून. सत्तावीस वर्षे मी तिला तसं वाकू दिलेलं नाही. बूट घालायला स्टूल, कपड्यांच्या टोपलीखाली खुर्ची, सगळी सोय मी केली आहे. मी ओरडलो. ती म्हणाली, “वाकायला काही हरकत नसते म्हणतात.”

मी म्हणालो, “म्हणतात म्हणजे कोण?”

ती म्हणाली, “लोक, लेस.” आणि पोतं घेऊन गेली.

मंगळवार, दि. ५ ऑगस्ट रोजी सकाळी ११ वाजता तिची निळी गाडी बेकरीच्या मागे उभी दिसली. मी समोरच्या बाजूला चाळीस मिनिटं थांबलो. ती घरी आली तेव्हा हातात पाव नव्हता. परपुरुषाचं प्रकरण असतं तर निदान गावाने माझी बाजू घेतली असती. दुसऱ्या कायरोप्रॅक्टरकडे बायको जाते, हे मी कोणाला सांगणार? त्या बाईचे हात तिच्या पाठीवर कुठे, कसे पडत असतील, याशिवाय चार दिवस माझ्या डोक्यात दुसरं काही आलं नाही.

रविवारी, १० तारखेला, भांडी आवरून ती पुन्हा टेबलावर येऊन झोपली. मी विचारलं, “अजून दुखतंय?”

“हो,” ती म्हणाली. “तू कर.”

मी केलं. ती माझ्या तोंडावर खोटं बोलत होती. बरी दुसरीकडे व्हायची आणि माझी कीव येते म्हणून माझ्याकडे येऊन झोपायची, असा मी अर्थ काढला. माझ्याबद्दल तिने त्या बाईला काय सांगितलं असेल, दोघी मिळून मला किती हसल्या असतील, ते मला बघायचं होतं. त्यासाठीच मी गेलो. चोरीचा उद्देश नव्हता.

आज दुपारी १२ वाजून ४० मिनिटांनी दवाखाना जेवणासाठी बंद असताना मी मागच्या दाराने आत शिरलो. दाराला नुसती कडी असते. कपाटातून ‘टिंडल, नोएलीन’ अशी फाइल काढली. तिथल्या पेशंटला स्वतःच्या हाताने एक कागद भरावा लागतो, एकदा सुरुवातीला आणि एकदा शेवटी, प्रश्न तेच. फरक पडला की नाही ते असं मोजतात. दोन्ही कागदांवर नोएलीनचंच अक्षर होतं. मार्चच्या कागदावर दुखणं दहापैकी सात. ५ ऑगस्टच्या कागदावर शून्य.

पाचवा प्रश्न होता, सध्या सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते. मार्चमध्ये तिने लिहिलं होतं, ‘नातवंडांना कधी उचलता येणार नाही याची.’ ऑगस्टच्या कागदावर काय होतं ते जबाबात घेतलंच पाहिजे असं नाही, असं कॉन्स्टेबल पिकेट म्हणाले. मी घ्यायला सांगितलं. तिने लिहिलं होतं, ‘बरी झाले हे कळलं तर लेस मला हात लावणार नाही याची. एरवी तो लावत नाही.’

त्याखाली टेगन व्हेलन हिने लिहिलं होतं, ‘आता येण्याची गरज नाही.’ माझ्याबद्दल बाकी एक शब्दही नव्हता.

मी टेबलावर बसलो. बसताना कोपर लागून शोभेचा प्लास्टिकचा पाठीचा कणा खाली पडला व मानेशी मोडला. तो मुद्दाम मोडलेला नाही. किती वेळ बसलो ते सांगता येत नाही. १ वाजून ५ मिनिटांनी टेगन व्हेलन आत आली. ती ओरडेल असं वाटलं होतं. तिने हातातली पिशवी खाली ठेवली.

ती म्हणाली, “लेस्टर, तो कागद तिचा आहे. तो वाचायचा तुम्हाला हक्क नव्हता.”

मी म्हणालो, “हे तुला तिने तोंडाने पण सांगितलं?”

“तिने मला काय सांगितलं ते मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही तिला विचारलंत का कधी?”

मी म्हणालो, दर रविवारी विचारतो. कुठे दुखतं ते. तिने ठाण्यात फोन केला, मला पाणी दिलं आणि कॉन्स्टेबल येईपर्यंत दारात उभी राहिली. खिशात घातलेला तो ऑगस्टचा कागद मी त्यांना स्वतःहून काढून दिला.

नोएलीन पावणेतीनपासून या खोलीबाहेरच्या बाकावर बसली आहे. थंडीचे दिवस आहेत, ठाण्यात गारठा असतो म्हणून माझा कोट घेऊन आली आहे. मला आणखी काही सांगायचं नाही.

हा जबाब मला सुरुवातीपासून मोठ्याने वाचून दाखवला. त्या वेळी खोलीचं दार उघडं होतं आणि ते लावा असं मी म्हटलं नाही. मी एकच दुरुस्ती सांगितली. दुसऱ्या परिच्छेदात ‘मी तिच्यावर उपचार करतो’ असं लिहिलं आहे, ते खोडून ‘मी तिला हात लावतो’ असं करावं. कॉन्स्टेबल पिकेट यांनी तसं केलं आणि खाडाखोडीशेजारी मी सही केली. आता सगळं खरं आहे.

समक्ष: रोवन पिकेट, सीनियर कॉन्स्टेबल
सही: लेस्टर जी. टिंडल