युरोपनं अडवलेली मारामारी

अहो, फेटा! पहिल्यांदा खटकला तो फेटाच. आमच्या राणीताईची वरात, डॉल्बीवर तीच धून तिसऱ्यांदा लागलेली, आणि नवरदेवाच्या मामांनी, उदयसिंहमामांनी, डोक्यावरचा फेटा अलगद काढून मामींच्या हातात दिला. "धर गं जरा." आता तुम्हीच सांगा, वरातीत नाचायचं असेल तर माणूस फेटा घट्ट करतो की काढून ठेवतो? माझ्या पोटात गोळाच आला! पण माझ्या पोटात काय, कुकरच्या शिट्टीनंही गोळा येतो, त्यामुळे घरात कुणी मनावर घेत नाही. "नाव क्रांती, आन फुग्याला भिती!" ही आमची मनुआत्या.

तर वऱ्हाड साताऱ्याचं, आम्ही सांगलीचे. त्यांना हवं त्यांचं गाणं, आमच्या पोरांना हवी नाथाजी डॉल्बीवाल्याची स्वतःची धून... तीच हो, जिच्यानं छातीचा पिंजरा हलतो आणि गोठ्यातली म्हैस दावं तोडते! नाथाजीच्या टेंपोवर मोठ्या अक्षरात रंगवलंय, 'टून चोरणाऱ्याची गय केली जाणार नाही'. म्हणजे वाजायच्या आधीच धमकी! मामा म्हणाले, "बंद कर रं ती." आमच्यातलं कुणीतरी म्हणालं, "डॉल्बी तुज्या बापाचा हाय का?" आणि तुम्हाला सांगते, पुढच्या क्षणाला खुर्च्या उडायला लागल्या! एकाच्या डोक्यात हलगी अशी बसली की फुटून गळ्यात उतरली, एकानं आचाऱ्याचा झारा पळवला, एकाचा कान दुसऱ्याच्या दातात, आणि घोडा नवरदेवासकट उसाच्या फडात! पांढऱ्या सदऱ्यांवर गुलाल कुठला आणि रक्त कुठलं, काही कळेना. मामांचा पुढचा दात माझ्या चपलेजवळ येऊन पडला... अख्खा! मी नुसती किंचाळत होते, पण हातातला मोबाईल काही सोडला नाही. पुण्याच्या काकांना वरात लाईव्ह दाखवत होते ना!

आणि त्या सगळ्यात माझा भाऊ साईराज. हा लष्कराच्या भरतीत धावला, मेडिकल झालं, आता राहिला होता फक्त पोलिसांचा चारित्र्याचा दाखला. यानं काय करावं? मामांना मागून कवळ घातली, "मामा, थांबा, आवं लगीन हाय!" म्हणत. आणि मामांच्याच पुतण्यानं साईराजवर फेकलेली खुर्ची साईराजची भुवई फोडून थेट मामांच्या तोंडावर! हे सगळं माझ्या व्हिडिओत. बाकीच्यांचे मोबाईल निघाले उशिरा. त्यात दिसतं काय, तर साईराजच्या मिठीत रक्तबंबाळ मामा. मग तक्रार कुणावर? साईराजवर!

ठाण्यातले हवालदार भले माणूस. म्हणाले, "पहिल्यापासूनचा व्हिडिओ दाखवा, पोराचं नाव लगेच काढतो." माझा मोबाईल शेवटच्या पळापळीत डॉल्बीच्या टेंपोखाली जाऊन त्याचा भुगा झालेला, पण लाईव्ह होता ना, इंटरनेटवर असणारच की! साईराजच्या मोबाईलवर उघडला, तर काळी चौकट. खाली ओळ... यातल्या संगीतावर युरोपातल्या एका कंपनीनं मालकी सांगितली आहे, सबब व्हिडिओ अडवला आहे.

हवालदारांनी माझ्याकडं पाहिलं. "मॅडम, मारामारी आपल्या हद्दीत झाली. यात युरोपचा काय संबंध?"

मला माहीत होता ना संबंध, तेच तर दुखणं! एम.ए.ला मी युरोपचं राजकारण घेतलेलं. तिकडं त्यांच्या संसदेनं कायदा केला, लोक जे काही टाकतील त्यातल्या चोरीला ती साईटच जबाबदार. कलावंताला त्याचं मिळावं, हेतू चांगलाच हो. पण एवढे व्हिडिओ बघणार कोण? यंत्र! यंत्रं आधीपासून होतीच, कायद्यानं त्यांना जोर चढला. तिथली पोरं रस्त्यावर उतरली, आमचं बोलणं बंद होईल म्हणून ओरडली. कायद्यात टीकेला, थट्टेला सूट आहे म्हणे, पण यंत्राला थट्टा कळते होय? त्याला फक्त सूर कळतो. दात पडला? पडू दे. भुवई फुटली? फुटू दे. मागं धून वाजली? अडवा! आणि एकदा ते सुटलं की त्याला जर्मनीतलं कोलोन काय आणि आमचं कडेगाव काय! बरं, त्या मतदानानंतर काही सदस्य म्हणाले, आम्ही चुकून भलतंच बटण दाबलं. वर्गात मी किती हसले होते...

हसायला नको होतं. कारण त्या काळ्या चौकटीखालीही दोन बटणं होती, 'हरकत आहे' आणि 'दावा मान्य'. घरी येऊन मी नीट, शांतपणे, देवाचं नाव घेऊन बोट हरकतीवर टेकवणार, तेवढ्यात आत्याच्या कुकरनं शिट्टी दिली. मान्य!

आता खुद्द मालकानं दावा मागे घेतला तरच व्हिडिओ सुटणार. आणि मामांचा निरोप आलेला, "केस मागं घ्यायचो न्हाई. दात काय परत उगवणार हाय व्हय?" उद्या साईराजच्या दाखल्यावर शेरा पडणार, म्हणजे वर्दी गेलीच. तो ओट्यावर बसून, टाके घातलेली भुवई घेऊन, बूट पॉलिश करत होता. मला ओरडला असता तर बरं वाटलं असतं. म्हणाला काय, तर, "तायडे, एवढंच सांग, यात युरोपचा काय संबंध?"

"मग लाव की तुज्या युरोपाला फोन!" आत्या म्हणाली. जणू युरोप म्हणजे माझं सासर!

कंपनीला मेल केली. उत्तर आलं, आम्ही नुसतं वितरण करतो, मूळ मालकाशी बोला. खाली नंबर, नुसते आकडे. मालक युरोपातला म्हणून हुशारीनं मी पुढं जर्मनीचा कोड लावला. चूक. बेल्जियमचा लावला. चूक. लक्झेंबर्गचा लावला... देश एवढासा, पण बाई तिथंही तीच, टेपवरची, तिच्या भाषेत सुनावणारी! आत्यानं मोबाईल हिसकावला. "आवं बाई, आमच्या पोराची वर्दी चाललीया, जरा मालकास्नी बोलवा की! ...न्हाई, आदी माजं ऐका! ...क्रांते, लय गर्विष्ठ हायत गं तुजे युरोपवाले." मग तिनं स्वतःचा बटणांचा मोबाईल काढला. तिला कोडच्या आधीचं ते अधिकचं चिन्ह सापडेना, तर चिडून नुसतेच आकडे दाबले, जसेच्या तसे. अन् काय सांगू... रिंग गेली!

एकदा पूर्ण वाजून बंद. दुसऱ्यांदा बंद. साईराजचा ब्रश थांबला. तिसऱ्यांदा कुणीतरी उचलला, आणि मोबाईलमधून अशी काही धून अंगावर आली की माझ्या हातातला पेला पडला. तीच! छातीचा पिंजरा हलवणारी!

"हां, नाथाजी डॉल्बी, कडेगाव! मोठ्यानं बोला!"

"नाथाजीदादा? तुम्ही... तुम्ही युरोपात? ती धून तुमच्या नावावर?"

"मी वरातीत हाय! कोण, क्रांतीताई? टूनचं म्हनता व्हय? भाच्यानं मोबाईलवरनं तिकडं नोंदवून दिलीया. आता कुणाची टाप हाय चोरायची!"

"दादा, दावा मागे घ्या हो! आत्ताच्या आत्ता! साईराजची नोकरी..."

"घेतो की ताई, त्यात काय एवढं! पन ठेवा जरा, मागनं करतो फोन... हितं एका मामानं फेटा काढलाय."