अंगातलं पानी

(दुष्काळाचं साल. माजलगावजवळ सोसायटीनं चालवलेली चारा छावणी. म्हाळू आणि त्याची बायको साखराबाई, आपल्या जनावरांपाशी.)

साखराबाई : मग ह्या गोळ्या तुमच्या घोंगडीला कावून चिकटल्यात? रोज सकाळी हातावर ठिवते, तुमी तोंडात टाकता. मागनं थुंकता व्हय?

म्हाळू : हळू बोल. समदी छावणी ऐकंल.

साखराबाई : ऐकू द्या! बैलाला औषध पाजायचं तर शिंगं धरून पाजता. अन् स्वतःची गोळी थुंकता!

म्हाळू : लघवीची गोळी हाय ती. धरन आटलंय, अन् मी अंगातलं पानी बाहेर टाकू? असल्या सालात?

साखराबाई : पाय हिकडं करा. हे बघा, बोट दाबलं. काढलं. भरला का खड्डा?

म्हाळू : भरंल की.

साखराबाई : डॉक्टरनं कागदावर काळीज काढून दावलं, तवा तुमी खिडकीतनं दुसऱ्याचे बैल बघत व्हता. मी ऐकलंय. काळजाची एक बाजू वापरलेलं रगत फुप्फुसात धाडती. तिथं त्याला हवा लागती. मग दुसरी बाजू तेच रगत डोस्क्यापासनं नखापातुर ढकलती. तिथनं शिरांतनं फिरून परत काळजात. थांबनं न्हाईच. तुमचं काळीज थकलंय, त्याला पुरतं ढकलवत न्हाई. म्हनून रगत मागं तुंबतं, अन् त्यातलं पानी पाझरून पायात बसतं. साठा न्हाई हा!

म्हाळू : नदीवरची मोटर बी अशीच थकती. दोन दिस बंद ठिवली की चालती पुन्यांदा.

साखराबाई : मग ठिवून बघा काळीज बंद!

म्हाळू : सरक, पेंढीला पाठ टेकू दे.

साखराबाई : आडवं व्हता येतं का तुमास्नी? पाठीला कडब्याच्या पेंढ्या लावून बसून झोपता, अन् म्हनता जनावरं राखतो. फुप्फुसात चढलंय पानी. बुडून मराल हितं, कोरड्या रानात!

म्हाळू : गोळी घेतली की घसा वाळतो गं. मग पानी लागतं.

साखराबाई : डॉक्टरनं ठरवून दिलंय तेवढं प्यायचं. कोन न्हाई म्हनतंय?

म्हाळू : अन् तेवढं आनतं कोन? परवा टँकरवर धक्काबुक्की झाली, कोपर फुटलं तुझं. मला म्हनलीस, म्हशीनं ढकललं.

साखराबाई : कुनी सांगितलं?

म्हाळू : पलीकडच्या दावणीच्या भामाबाईनं. तिचाच धक्का लागलता. रडत आलती माझ्याकडं.

साखराबाई : म्हनून गोळ्या थुंकता? माझं कोपर वाचवाया?

म्हाळू : एक तांब्या कमी लागला, तर तुला मागनं जाता यील. गर्दी वसरल्यावर.

साखराबाई : अन् मी भांडते कुनासाठी? तुमी गेल्यावर भरलेला हंडा डोईवर घेऊन कुठं जाऊ मी? लई राग आलाय मला तुमचा. लई.

म्हाळू : दिसतंय.

साखराबाई : तोंड उघडा.

म्हाळू : घोटभरच दे पानी.

साखराबाई : गिळली?

म्हाळू : गिळली.

साखराबाई : जीभ वर करा. बघू द्या.

म्हाळू : बघितलंस? आता तुझं कोपर दाव.