जिनिंगच्या फाटकापर्यंत

वणीच्या बसथांब्यावर उमरखेडची गाडी काही येईना. कोवळ्या उन्हात प्रभावतीचा डोळा लागत होता. मागच्या बाकावर दोन बाया बोलत होत्या.

"काय वं खैरुनबी, इतकी बारीक झाली, ओळखूच नाही आली! कोन्तं औषध घेतलं?"

"औषध कायचं, मंजुळा? शुगर निघाली. मंग साखर सोडली, भात सोडला. दिवस बुडाच्या आत भाकर अन् पालेभाजी."

"माह्यं वजन तं उतरते, अन् दिवाळीले परत चढते."

"तू चालत नाही नं. मी रोज पहाटे जिनिंगच्या फाटकापर्यंत जातो. कितीक दिवाळ्या गेल्या, परत नाही चढलं."

"कापूस बुडाला तवापासून जिनिंग बंदच हाय नं वं?"

"हाय. पन कानात भोंगा वाजते. वाटंनं वाटते, फाटक उघडं असन, हवेत कापूस तरंगत असन, आपन साऱ्याजनी ढिगाभवती बसून कचरा येचून राह्यलो."

"तिथं बसू बसूच तं फुगलो होतो आपन!"

"हो वं."

"मंग? उद्या खरंच उघडलं तं?"



"उघडू तं दे पहिले. वजनाचं मंग पाहू."