नवसाचे भजन आणि मुठीएवढा प्लेअर

खिशात मावणाऱ्या त्या गाण्याच्या प्लेअरची तुम्ही एवढी स्तुती करीत आहात, म्हणून सांगतो.

गडमुडशिंगीत आमच्या शेजारच्या आक्का नवस बोलल्या होत्या, की मुलाचे ऑपरेशन नीट पार पडले तर घरी भजन करीन. मुलगा बरा झाला. आक्कांनी गावच्या भजनी मंडळाला बोलावले आणि रिवाजाप्रमाणे मंडळासाठी पुरणपोळीचा स्वयंपाक केला.

मंडळींनी देवासमोर प्लेअर ठेवला, बटण दाबले आणि भिंतीला टेकून बसली. टाळ पिशवीतच राहिले.

"आवाज बगा कसा खणखणीत हाय," प्लेअरचे मालक, मंडळातले शामराव म्हणाले.

"माझ्या प्लेअरमदी ह्येच्यापेक्षा जास्त अभंग हायती," मंडळातलेच बापू म्हणाले.

"पर चार्जिंग माझंच टिकतंय की," शामराव म्हणाले.

आक्कांनी विचारले, "तुमी कवा म्हणणार?"

"ह्यो आमच्यापेक्षा ग्वाड म्हणतोय, आक्का," शामराव म्हणाले. "देवाला काय, ऐकू गेलं म्हंजे झालं."

आरती झाली, पंगत बसली. आक्कांनी एकच ताट वाढले, पोळीवर तुपाची धार धरली आणि ते प्लेअरपुढे नेऊन ठेवले.

"आक्का, आमचं ताट?" बापूंनी विचारले.

"ज्यानं भजन म्हटलं त्येला वाढलंय. तुमी वास घ्या. पोटाला काय, वास गेला म्हंजे झालं."

देवासाठी न निघालेले टाळ पुरणपोळीसाठी तत्काळ पिशवीबाहेर आले.