तळघराचा सीन कुणी पाहिला?

...आणि वर मलाच विचारतात, "तुम्ही डोळे मिटले होते का हो?" मी? अहो, मी डोळे मिटले नव्हते हं, आधीच सांगून ठेवतो! चष्मा पुसत होतो. आता चष्मा काढला की समोरचं धूसर दिसतं, त्याला मी काय करणार?

तुम्हाला सांगतो, चपलांचं दुकान चालवणारा माणूस मी. पण सिनेमे तपासायच्या समितीत म्हणे एक सामान्य प्रेक्षक लागतो, आणि माझ्याइतका सामान्य त्यांना दुसरा सापडला नाही! घरी सांगितलं तर बायको म्हणते, "भयपट? तुम्ही? पाल दिसली की पलंगावर चढता!" अगं, पाल वेगळी, सिनेमा वेगळा! पाल खरी असते!

तर सकाळी गेलो. बाहेर बाकावर सिनेमा काढणारी पोरगी, नखं खात बसलेली. नोकरी सोडून काढलेला पहिलाच सिनेमा. मला म्हणाली, "काका, शेवटपर्यंत बघाल ना? आधीची समिती अर्ध्यातून उठून गेली आणि पुढचा बघितल्याशिवायच नापास केला. आता तुम्हीही नाही म्हणालात तर कायमचा डब्यात." माझं काळीज हललं हो! म्हटलं, "पोरी, मी आहे ना!"

आत आम्ही चौघं. निवृत्त न्यायाधीश अध्यक्ष, एक मुख्याध्यापिका बाई, एक दातांचे डॉक्टर आणि मी. दिवे गेले... आणि काय सांगू, पडद्यावरची नावं संपायच्या आत पहिला माणूस संपला! रक्त? अहो, पाइप फुटल्यासारखं रक्त! एकाची आतडी तर अशी ओढून काढली, जुना स्वेटर उसवावा तशी! बाई "शी! शी!" म्हणतायत आणि पुढे सरकून बघतायत! डॉक्टर माझा दंड धरून बसलेले. आणि खोटं कशाला बोलू, मला मजा यायला लागली! "मागे बघ, मूर्खा, मागे बघ!" मी ओरडलोच! न्यायाधीश म्हणाले, "शांतता राखा." सवय, दुसरं काय.

मग आलं तळघर. घरमालकाला खुर्चीला बांधलेलं, तो खुनी पक्कड घेऊन जिना उतरतोय, संगीत एकदम बंद... आणि मी डोळे मिटले नव्हते हं! चष्म्यावर डाग होता. मोठा होता. जरा वेळ लागला पुसायला.

दिवे लागले. न्यायाधीश घसा खाकरून म्हणाले, "बाकीचं रक्त खोटं आहे हे पोरालाही कळेल, मोठ्यांपुरतं चालेल. पण तळघर! मर्यादा आहे की नाही काही? हरकती सांगा. मात्र स्वतः पाहिलंय तेवढंच."

डॉक्टर ताडकन उठले, "दात! एकेक करून सगळे दात! भूल न देता!"

"दात कुठले?" बाई कडाडल्या, "नखं! उपटून वहीत चिकटवतो, खाली सुवाच्य अक्षरात नाव घालून!"

मी मागे राहतोय होय? म्हटलं, "आणि नंतर तोंड शिवतो! दाभणानं! दुहेरी टाका!"

न्यायाधीश आमच्याकडे बघतच राहिले. "मला तर..." हळूच म्हणाले, "फाशी दिल्याचं आठवतंय."

आम्ही एकमेकांकडे बघतोय, छताकडे बघतोय. बाहेर ती पोरगी बसलीय आणि आम्ही तिचा सिनेमा कापायला निघालेलो! शेवटी न्यायाधीशांनाच लाज वाटली. "तो प्रसंग पुन्हा लावा. आणि कृपा करून डोळे उघडे!"

लावला. मी बाईंचा हात धरला, बाईंनी डॉक्टरांचा. तो जिना उतरतो... आत जातो... आणि दार लावून घेतो. आपण बाहेर! नुसतं बंद दार! आतून नळ ठिबकतोय, ठप... ठप... मग तो बाहेर येतो, हात पुसतो. झालं! ना दात, ना नखं, ना फाशी! अहो, पडद्यावर काही नव्हतंच, जे होतं ते आमच्याच डोक्यात!

पास केला. एकही कात्री न लावता, मोठ्यांसाठी. पोरीला आत बोलावलं तर रडायलाच लागली. मीही रडलो, लपवू कशाला. आणि मग बाईंचा प्रामाणिकपणा उफाळून आला! सगळं सांगून टाकलं तिला, कुणी काय काय 'पाहिलं' ते! पोरीचे डोळे लागले चमकायला. मोबाइल काढून म्हणते, "बाई, नखं कशी चिकटवतो, परत सांगा ना!" आणि आम्ही शहाण्यांनी काय करावं? डॉक्टरांनी न्यायाधीशांचा जबडा धरून दाखवला! मी दाभण कुठून घालायचं ते दाखवलं! अहो, एवढ्या आदरानं माझं कुणी दुकानातही ऐकत नाही!

आता दुसरा भाग तयार झालाय. कथा म्हणून आम्हा चौघांची नावं. पहिल्या रांगेत खुर्च्या राखीव, बायकोनं नवी साडी घेतलीय. काल पोरीचा फोन आला, "काका, तुम्ही सांगितलंत तस्सं घेतलंय सगळं! आणि यावेळी दार उघडं ठेवलंय!"

...जावं तर लागणारच. कथा आपलीच ना!